नाक्यावर पाच माणसं

खापरखेड्याच्या रस्त्यावर, जिथे शहराची हद्द संपून कोळशाच्या ट्रकांचं राज्य सुरू होतं, त्या नाक्यावर दादाजी गजभिये हवालदारांनी अकरा वर्षं शिट्टी वाजवली. एकट्यानं. इस्त्रीची घडी मोडायची नाही आणि कुणाचा चहाही फुकट घ्यायचा नाही, हे त्यांचे दोन नेम. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून दारूच्या थेंबाला शिवायचं नाही, हा तिसरा. पण तो ते कुणाला सांगत बसत नसत.

प्यालेला ड्रायव्हर ओळखणं त्यांना अवघड नव्हतं. अवघड होतं ते पुढचं. त्याला सरकारी दवाखान्यात न्यायचं, डॉक्टरांची वाट पाहायची, रक्त काढवायचं, कागद करायचे. यात अर्धा दिवस जाई, आणि तेवढा वेळ नाक्यावर शिट्टी वाजवायला कुणी नसे. एक पिणारा धरला, की मागच्या दहा जणांना रस्ता मोकळा! हे ट्रकवाल्यांनाही पाठ झालं होतं.

शहात्तर साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तेच झालं. करीचा दिवस म्हणजे भरदुपारी मटण आणि मोहाची दारू. दादाजी एका स्कूटरवाल्याला घेऊन दवाखान्यात गेले. तेवढ्यात एका झिंगलेल्या ड्रायव्हरनं बळीराम गवळ्याची सायकल कॅनसकट नाल्यात ढकलली. बळीराम वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून गेला. दादाजींना कुणी बोल लावला नाही. कागदावर ते ड्यूटीवरच होते. त्या दिवसापासून दादाजी मात्र दर पोळ्याला एक अर्ज टाकू लागले : नाक्याला चार शिपाई द्यावेत.

"गजभिये, लोक पोळ्याला बैल सजवतात, तुम्ही अर्ज सजवता," ऑफिसातले हेडक्लार्क कृष्णकांत हसायचे.

"बैलाले वर्षातून एक दिवस मान भेटते साहेब. अर्जाले तेवढाबी नाही," दादाजी म्हणायचे.

पाचव्या अर्जाला मात्र तो मान भेटला. पिऊन गाडी चालवणाऱ्यांना धरण्यासाठी सरकारनं एक वर्षापुरतं अनुदान मंजूर केलं. चार शिपाई, एक जुनी व्हॅन आणि तीनशे काचेच्या नळ्यांचं खोकं. बोटभर नळी, आत पिवळे खडे, टोकाला फुगा. प्यालेल्यानं फुंकलं की खडे हिरवे. एक नळी एकदाच चालायची. वर्षाअखेरी मुंबईचे साहेब येऊन काम बघणार, आणि मगच पथक ठेवायचं की मोडायचं ते ठरणार होतं.

खोकं ओल लागू नये म्हणून दादाजींनी जयवंताबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घरच्या कपाटात ठेवलं.

"माह्या लुगड्याले एवढं जपलं असतं तं!" बाई म्हणाल्या.

"तुहं लुगडं सरकारी नाही वं," दादाजी म्हणाले.

सरकारी माल उगीच खर्चायचा नाही म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत काढली. ट्रकवाल्याला खाली उतरवायचं आणि ताडपत्रीचा एक दोर सोडून पुन्हा बांधायला लावायचं. क्लीनरनं हात लावायचा नाही. स्कूटर-मोटारवाल्यानं जुडग्याच्या कडीतून किल्ली काढून पुन्हा कडीत घालायची. शुद्धीतला माणूस ते बोलता बोलता करतो. प्यालेल्याची बोटं मात्र एकमेकांशी भांडत बसतात. ज्याची बोटं भांडली, त्यालाच नळी. मग दोन शिपाई त्याला व्हॅनमध्ये घालून दवाखान्यात नेत, आणि दादाजींसकट तिघं नाक्यावर उभे राहत. वर्षभरात नाका एक मिनिटही ओस पडला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मोजणीसाठी ऑफिसात आणलेलं खोकं कृष्णकांतांनी उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"एकशे शहाण्णव शिल्लक? दादाजी, अहो घात केला तुम्ही!"

"काहून? जपून वापरल्या."

"तेच तर! अनुदान उरलं म्हणजे गरज नव्हती, असं वाचतात वर. नळ्या पडून, तर शिपाई कशाला? एकतीस तारखेला तुमचे चारही जण परत पोलीस लाईनीत."

दादाजींनी खोकं पुन्हा लुगड्यात गुंडाळलं. वर्षभर ज्या गोष्टीचा त्यांना मनातून अभिमान होता, तीच त्यांच्या चार माणसांच्या मुळावर आली होती.

कृष्णकांत माणूस वाईट नव्हता. आवाज उतरवून म्हणाले, "साहेब यायला वीस दिवस आहेत. दिसेल त्याला फुंकायला लावा. संपवून टाका खोकं."

ही गोष्ट नाक्यावर पोचायला वेळ लागला नाही. शिपायांमधला अनंत तर कमरेवर हात ठेवून तयारच. "हवालदार साहेब, आमीच फुकतो ना! एकेकाले पन्नासबी नाही येत. गाल दुखतीन, पण नोकरी तं राहीन."

बाकीचे हसले. दादाजी हसले नाहीत. त्या दिवशी घरी जेवताना त्यांचा हात भाकरीवर तसाच थांबला.

"फुकू देऊ का वं पोरांले?"

"मंग त्या नळ्या कोनाच्या नावावर लिहिसान?" जयवंताबाईंनी विचारलं.

दादाजींनी भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी खोकं होतं तसंच कपाटात राहिलं, आणि अनंतला सांगण्यात आलं की गाल दुखवायची गरज नाही.

मुंबईचे मनोहरराव साहेब आले. चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. रजिस्टर चाळून ते म्हणाले, "तीनशेपैकी एकशे चार. म्हणजे तुमच्या रस्त्यावर लोक पीत नाहीत असं समजायचं का हवालदार?"

"पितेत साहेब. पण एकशे चार नळ्यांत सत्त्याण्णव हिरव्या झाल्या, तेबी तिथंच लिवलं हाये. अर्जी एकच हाये. एक घंटा नाक्यावर चला."

कृष्णकांतांनी डोळे मिटून घेतले. पण साहेब उठले.

साहेबांची मोटार नाक्यावर पोचली तसे दादाजी मागच्या सीटवरून उतरले आणि पुढे होऊन त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. "किल्ली काढ गा कडीतून."

"अहो, साहेबांची गाडी आहे ही!"

"गाडी साहेबाची हाये, हात तुहे हायेत."

ड्रायव्हरनं तोंड वाकडं करून किल्ली काढली, घातली. साहेबांनी चष्मा वर सरकवला. मग वीसेक ट्रक आले. ड्रायव्हर आपणहून उतरत, दोर सोडत, आवळत, "जय भीम", "राम राम" करत पुढे जात. एकही नळी वापरावी लागली नाही. मग पांढरी अँबॅसडर आली. स्टिअरिंगवर एक ठेकेदार, सफारीत.

"मला ओळखत नाही का?" त्यानं दरडावलं.

"ओळख मंग करू. पयले किल्ली काढा भाऊ."

किल्ली निघाली, पण परत जाईना. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा कडीसकट धुळीत पडली. अनंतनं नळी पुढे केली. खडे हिरवे झाले. दोन शिपाई ठेकेदाराला व्हॅनमध्ये घालून निघाले. साहेब त्या व्हॅनकडे बघत राहिले, मग नाक्याकडे वळले. तिथे अनंत पुढचा ट्रक थांबवत होता, चौथा शिपाई नंबर लिहीत होता.

"हे दोघं गेले, तरी तुमचं काम चालूच?"

"याच्यासाठीच तं पाच अर्ज केले साहेब. नळ्या कापा पायजे तं. माणसं कापू नका."

"नळ्यांचा पैसा माणसांवर, असं खर्चाचं शीर्ष बदलून मागता येत नाही हो," साहेब म्हणाले, आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

एकोणतीस तारखेला हुकूम आला. नव्या नळ्या यंदा मिळणार नाहीत, जुन्याच वापराव्यात. शिपायांची चारही पदं दोन वर्षांसाठी कायम. कृष्णकांतांनी तो सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवला, जणू मसुदा त्यांचाच होता.

मे महिन्यात दादाजींनी रजा टाकली. बारा वर्षांतली पहिली. जयवंताबाईंची बहीण खापरखेड्याच्या वीजघर कॉलनीत राहायची. तिचं नवं घर दादाजींनी पाहिलंच नव्हतं. दोघं सकाळच्या एसटीनं निघाले. नाक्याजवळ एसटी थांबली. अनंतनं हात आडवा केला होता. तो ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला, काही बोलला, डोळ्यांकडे बघितलं, बोटांकडे बघितलं. मागे बाकीचे तिघं तीन वाहनांशी गुंतले होते. खिडकीतल्या दादाजींकडे एकाचंही लक्ष गेलं नाही.

"हाक मारा ना पोरांले," जयवंताबाई म्हणाल्या.

"नको. ड्यूटीवर हायेत."

"अवो, तुमच्याबिगर बी चालून राहिलं की सारं!"

"चालून राहिलं ना!" दादाजी म्हणाले, आणि शेजारच्या अनोळखी उतारूकडे वळून, कुणी विचारलेलं नसताना, नाक्याकडे बोट दाखवत म्हणाले, "हे चौघं माह्या पथकातले हायेत, बरं का."