आम्ही म्हणजे कोण

पट्टेवाल्यांच्या ब्लँचर्डस्टाउनच्या घरी स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या मुठीला पाच पट्टे लटकत असत. प्रेस म्हणजे आपलं कपाट. इथं परदेशात राहून आमचीही जीभ तशीच वळायला लागली. आणि पट्टे म्हणजे ऑफिसात गळ्यात घालतात ते, ओळखपत्राचे. ओळखपत्रं कंपन्यांनी परत घेतलेली, नुसते पट्टे उरलेले. एक बँकेचा, एक विमान कंपनीचा, एक विम्याचा, दोन औषध कंपन्यांचे. एकेक नाव असं, की ऐकणाऱ्याने जरा सावरूनच बसावं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "अगंबाई, तुम्ही तर पट्टेवाले!" शिपायाला म्हणतात तो शब्द एवढ्या मोठ्या माणसाला चिकटवला, म्हणून लगेच जीभ चावली. ते मात्र खो खो हसले. "बरोबर बोलल्या ताई. साहेब कुठं झालो आम्ही?"

तेव्हापासून ते पट्टेवाले. नाव ठेवणारी मीच, आणि आता ते नाव घेताना अडखळते तीही मीच.

पट्टेवाले नागपूरचे, पन्नाशीला टेकलेले, सॉफ्टवेअरमधले कॉन्ट्रॅक्टर. सहा महिने या कंपनीत, वर्षभर त्या. कुणालाच धड न कळणारी जुनी सॉफ्टवेअरं सोडवून नव्या यंत्रणेत बसवायची, हे त्यांचं काम. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मोठ्या घरचं काम केलं ना ताई, की पुढचं घर आपोआप दार उघडते." मला ते पटायचं. पाच पट्ट्यांच्या माणसाला कोण नाही म्हणेल?

दुसरी खोड 'आम्ही'ची. हा माणूस 'मी' म्हणतच नसे. "आम्ही जेवून आलो." "आम्हाला सर्दी झाली." एकदा ईस्टरच्या सुट्टीत बँकेची यंत्रणा बंद पडली, ती "आम्ही तीन दिवस बसून सुरू केली." मला वाटलं, असतील चारपाच जण. तर त्यांच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, लाटणं तसंच हातात धरून सांगितलं, "कसले आम्ही! बाकी सारे सुट्टीवर. हे एकटेच बसले होते. मी गेटवर डबा नेऊन द्यायची." असं का हो बोलता, म्हणून विचारलं तर पट्टेवाले चक्क लाजले. "लहानपणी 'मी मी' केलं की आई म्हणायची, पाहा रे, कोणाची बकरी ओरडून राहिली."

मग पाचवं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि सहावं आलंच नाही. चार महिने गेले, आठ गेले. वहिनी एका नर्सिंग होममध्ये कामाला होत्या, त्यांचा पगार घरभाड्यातच जायचा. नागपूरला एका जुन्या मित्राच्या कंपनीत जागा तयार होती. पण मुलगी, सई, हिचं लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी, दोन वर्षांवर आलेली. तिला अधेमध्ये उचलून नेणं शक्य नव्हतं, आणि वहिनींनी तिला सोडून जाणंही नाही. गेले तर पट्टेवाले एकटेच जाणार. "दोनच वर्षं, ताई," ते म्हणाले. "पोरगी घरात आहे तोवर आम्हालाही घरात राहू द्या. मग तीही जाईल उडून. एवढंच मागून राहिलो."

सँडीफोर्डला आमच्या कंपनीत नेमकी अशीच जागा निघाली. मी त्यांचा सीव्ही आमच्या मॅनेजरला, डोनलला, दिला. त्याने पाचही नावं वाचली आणि शीळ घातली. "युअर मॅन इज द रिअल डील!" मी त्या दिवशी घरी जाताना मनातल्या मनात पेढे वाटले.

'आम्ही'ची धास्ती होतीच. म्हणून आदल्या शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी शाळा घेतली. प्रश्न विचारायचा, त्यांनी 'आय' लावून उत्तर द्यायचं. चुकले की सई टेबलावर चमचा वाजवायची. "बाबा, जस्ट से आय डिड इट. इट्स नॉट हार्ड, लाईक." संध्याकाळपर्यंत चमचा वाजायचा थांबला. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली.

इंटरव्ह्यूला टिपणं घ्यायला मलाच बसवलं होतं. पट्टेवाले कोट घालून आले, टायची गाठ जरा वाकडी. डोनलने बँकेबद्दल विचारलं. "वुई मूव्ह्ड द होल सिस्टिम," पट्टेवाले म्हणाले. मी खाली मान घातली. विमान कंपनी? "वुई फिक्स्ड इट." शेवटी डोनलने पेन खाली ठेवलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "वुई म्हणजे कोण?"

"द टीम."

"त्यात तुमचं काम काय होतं?"

पट्टेवाल्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मी टेबलाखाली मूठ आवळून म्हणत होते, म्हणा हो, एकदाच म्हणा! "सगळ्यांनीच आपापला वाटा उचलला," ते इंग्रजीत म्हणाले, आणि तिथे कधी नसलेल्या माणसांचे मनापासून आभारही मानले.

ते गेल्यावर मी डोनलला सांगायला गेले, की आमच्याकडे भल्या माणसाच्या तोंडी 'आम्ही' म्हणजे 'मी'च असतो. त्याने ऐकून घेतलं, तो काही दुष्ट नव्हता. "एवढी मोठी नावं नसती तर कदाचित घेतलंही असतं," तो म्हणाला. "पण या नावांनी मीच विचारात पडलो. तिथे हा करत काय होता? आणि पाच जणांपैकी एकालाही याला ठेवून घ्यावंसं का नाही वाटलं?" नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हे त्याने न ऐकताच पाठ केलं होतं. ईस्टरची गोष्ट, तो गेटवरचा डबा, हे मी त्या खोलीत सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. टिपणं घेणाऱ्याने मध्ये बोलू नये म्हणून मी गप्प बसले. ती चूक माझी, आणि ती मला माफ नाही.

ते लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, थांब्यावर माझी वाट बघत उभे होते. मी निकाल सांगितला आणि रागाने अक्षरशः ओरडले, "अहो, 'मी' म्हणायला काय झालं होतं? मेलं एक अक्षर!" शेजारची बाई वळून बघायला लागली. पट्टेवाले म्हणाले, "घरी तोंडात येऊन राहिलं होतं ताई. तिथं साहेब समोर बसला, अन् आईच दिसली." मग ट्राम आली.

महिन्याभरात ते नागपूरला गेले. एअरपोर्टवर सई त्यांच्या कोटाची बाही सोडेना. आम्हा मोठ्यांशी इंग्रजीत बोलणारी ती पोरगी "बाबा, नका ना जाऊ" एवढंच मराठीत म्हणत राहिली. पट्टे त्यांनी नेले नाहीत. "तिथं कोणाला दाखवू?" म्हणाले. प्रेस उघडला की ते अजून दारावर आपटतात. वहिनी काढत नाहीत.

दर रविवारी मला त्यांचा मेसेज यायचा: 'आम्ही मजेत. तुम्ही कशा?' बरेच रविवार मी अंगठा पाठवून मोकळी झाले. एकदा मात्र राहवलं नाही, फोन लावला. मागे टीव्ही चालू होता, बाकी कसलाच आवाज नव्हता. मी थट्टेने, अगदी डोनलसारखं विचारलं, "काय पट्टेवाले, आम्ही म्हणजे कोण हो?"

त्यांनी टीव्ही बंद केला.

"मी, ताई," ते म्हणाले. "मी एकटाच."