सिस्टिम तर ठीक आहे

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तसं पाहिलं तर लपवण्यासारखं काय होतं? चार माणसांसमोर, भर दुपारी झालेली गोष्ट. पण त्या चौघांत खरं काय ते एकालाच माहीत होतं — मला.

मी वर्ध्याचा. लखनौला एका सरकारी कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो, हजरतगंजच्या ऑफिसात. तरुणपणी मला एका ऑपरेटिंग सिस्टिमचा नाद लागला. नाव सांगत नाही, तुम्ही ते ऐकलेलं नसेल. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेली, फुकट, आतलं सगळं उघडं ठेवलेली. आणि जी सगळ्यांच्या मशीनवर आयतीच असते, तिच्यावर माझा राग. कॉलेजांत जाऊन मी भाषणं द्यायचो. आमच्यात चूक झाकत नाहीत, चारचौघांत सांगतात, म्हणून ती दुरुस्त होते — असं म्हणायचो. मुलं टाळ्या वाजवायची.

पुढे साहेब तयार झाले. आधी आमच्या विभागात लावून बघू, जमलं तर राज्यातल्या सगळ्या ऑफिसांत. मला दुसरं काही सुचेना.

विभागात शालिनीताई गजभिये होत्या. अमरावतीकडच्या. डोळ्यांनी त्यांना अजिबात दिसत नसे. फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि टाइप करायच्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांच्या हेडफोनमध्ये बोलायचा — इतका भरभर, की मला नुसती भुणभुण ऐकू यायची. त्यांचं टेबल कधी तुंबलं नाही. ऑफिसात मराठी बोलायला आम्ही दोघंच. मला त्या नितीनभाऊ म्हणत.

त्यांच्या मशीनवरची जुनी सिस्टिम मीच काढली, नवी घातली. नव्या सिस्टिमलाही तसा प्रोग्राम होता. पण तक्रारींचं पान उघडलं की त्याचा आवाज मधेच जायचा. वाक्य अर्धं, आणि मग काही नाही. शालिनीताई बोटं तशीच ठेवून, मान जरा कलती करून वाट बघायच्या. मग हलकेच म्हणायच्या, आवाज गेला जी. मी मशीन बंद करून चालू करायचो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. थोडा हात बसू द्या ताई, सवय होईल, असं मी सांगायचो. त्या मान डोलवायच्या. जेवणाच्या सुट्टीतही बसू लागल्या.

एका रविवारी मी ऑफिसात जाऊन त्यांच्या खुर्चीत बसलो. हेडफोन लावला, डोळे मिटले, पान उघडलं. आवाज गेला. पुन्हा उघडलं, पुन्हा गेला.

म्हणजे मला कळलं होतं. त्या दिवसापासून कळलं होतं.

करायचं काय होतं? सिस्टिमच्या लोकांना सांगायचं, बस. तिथं सगळं उघड्यावर चालतं. कुणीतरी तोड सांगितलीच असती. नाहीतर त्या एका मशीनवर जुनी सिस्टिम परत घालायची. तासाभराचं काम. का नाही केलं? उघड्यावर लिहिलं असतं तर त्या दुसऱ्या सिस्टिमवाले हसले असते. एक मशीन जरी मागं गेलं, तर साहेब विचारतील, मग बाकीचीही मागं का नेऊ नयेत? — एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

काम साचत गेलं. ग्राहक वर फोन करू लागले. एक दिवस साहेब स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले. सोबत बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क. साहेब तसे सौम्य, आवाज न चढवणारे. शालिनीताई उठून उभ्या राहिल्या, हेडफोन गळ्यात. साहेबांनी मला विचारलं, "नितीन जी, दिक़्क़त सिस्टम में है, या इनसे नहीं हो पा रहा?"

मी विचार करायला किती वेळ घेतला असेल? घेतलाच नाही.

"सर, सिस्टम तो ठीक है."

त्यांचं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. शालिनीताईंनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. मग साहेबांना म्हणाल्या, की मी अजून प्रयत्न करीन.

त्यांना चिनहटच्या गोदामात पाठवलं. फोन उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला जोडून द्यायचा, इतकंच काम. त्यांचे मिस्टर बँकेत. अलीगंजहून येताना स्कूटरवर त्यांना आमच्या ऑफिसच्या दाराशी सोडायचे. चिनहट पार दुसऱ्या टोकाला. त्या ऑटो बदलत जाऊ लागल्या. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा कॉम्प्युटरचं काम जमत नाही म्हणून त्यांना वगळलं. आमची सिस्टिम मात्र राज्यभर गेली. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. काही वर्षांनी नवे साहेब आले, त्यांनी सगळीकडे जुनीच परत लावायला सांगितली. तीही मीच लावली. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

गेल्या वर्षी अलीगंजला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. निवृत्त झाल्या होत्या. सोबत मुलगी, इंजिनिअरिंगला नुकती लागलेली. नमस्ते अंकल, म्हणाली.

"हिच्या लॅपटॉपवर तुमची ती सिस्टिम टाकून द्या नं," शालिनीताई म्हणाल्या. "चांगली होती जी ती. माझाच हात बसला नाही."

"मम्मी, छोड़ो न," मुलगी म्हणाली.

तेव्हा सांगता आलं असतं. त्या समोर होत्या, त्यांना घाई नव्हती. एक वाक्य. मी म्हणालो, आणून द्या, टाकतो.

टाकली. मग हेडफोन लावला, डोळे मिटले आणि पानांमागून पानं उघडली. आवाज शेवटपर्यंत वाचत गेला. कुठल्या तरी देशात कुणीतरी ती चूक सांगितली असणार आणि कुणीतरी दुरुस्त केली असणार.

मुलगी येऊन लॅपटॉप घेऊन गेली. शालिनीताईंनी तिच्याबरोबर तिळाचे लाडू पाठवले होते. आम्ही ते चहाबरोबर खाल्ले. बायको म्हणाली, किती चांगली माणसं आहेत. मी हो म्हणालो.