मामाजींची दोन सीटची गाडी

मी लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा सासऱ्यांची गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. सासरे वकील होते, मी त्यांना मामाजी म्हणायची. गाडी बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटची. इंग्रज गेले तेव्हा एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. पूर्वी जिथे बैलांची दमणी उभी राहायची त्या टिनाच्या छपरीत आता ती असे. सुट्टे भाग मिळणं बंद झालं होतं, म्हणून ती फक्त हिवाळ्यात बाहेर निघायची.

मामाजींचा हात कापायला लागला होता. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. एका रविवारी प्लग काढताना त्यांच्या हातून पाना दोनदा खाली पडला. दुसऱ्यांदा मी तो उचलला, पण त्यांना दिला नाही, स्वतःच लावला.

"उलटा फिरवून राहिली तू," ते म्हणाले.

मग ते स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायची. प्लगच्या भोकांतून चमचाभर तेल सोडायचं आणि हँडल हळूहळू फिरवायचं, म्हणजे इंजिन आतून गंजून अडकत नाही. सीटच्या चामड्याला एरंडेल चोळायचं. वायरी उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवायच्या. उन्हाळ्यात टिनावर ओली पोती टाकायची. माझे यजमान नोकरीला अकोल्यात, ते शनिवारी येत. माझी काळी नखं पाहून ते हसायचे आणि पेपर उघडायचे.

चालवायलाही मामाजींनीच शिकवलं. एकदा सकाळी बडनेऱ्याच्या रस्त्यावर, रेल्वे फाटकाशी गाडी बंद पडली. मागे बैलबंड्यांची रांग लागली होती. मी पदर खोचून हँडल घेऊन उतरले. एक गृहस्थ पुढे आले, "बाई, सरका, मी मारतो."

"तिले येते," मामाजी सीटवरूनच म्हणाले.

तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. परतीच्या वाटेवरही मीच चालवत होते, आणि त्या दिवसासारखी गाडी मी नंतर कधी चालवली नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी एका शाळेत शिकवायला लागले. एक दिवस दुपारी घरी आले तर छपरीत नुसते ठोकळे. दर्यापूरच्या एका चक्कीवाल्याला इंजिन हवं होतं. तो बंडीला बांधून अख्खी गाडीच घेऊन गेला होता.

मी चहा ठेवला. मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"टायर मिळत नाही आता. उभी राहून सडली असती."

"हो."

"तुले विचाराले पायजे होतं."

मी कप त्यांच्यापुढे ठेवला. राग होता, पण तो बोलून दाखवण्याइतका हक्क आपल्याला आहे की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तेच म्हणाले, चल, पाहून येऊ. आम्ही बसने दर्यापूरला गेलो. गाडीचा सांगाडा चक्कीमागे बाभळीखाली पडला होता. इंजिन सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलेलं, पट्टा जोडलेला, बाहेर बायका ज्वारीचे डबे घेऊन बसलेल्या. मामाजींनी मान कलती करून ऐकलं.

"टॅपेट वाजून राहिले."

मलाही इंजिनातली ती टकटक ऐकू येत होती. मी चक्कीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि पाना मागितला. त्याने आधी मामाजींकडे पाहिलं, मग पाने आणून दिले. अर्धा तास गेला. बायका कुरकुरल्या, मग कडेला बसून गप्पा मारायला लागल्या. इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा आवाज एकसारखा होता. चक्कीवाल्याने आम्हाला गूळ घातलेला चहा पाजला आणि मला विचारलं, "दर दोन महिन्यांनी येऊन पाहून जाल का ताई?"

दोन वर्षं मी जात होते. मामाजी पहिल्या वेळेनंतर आले नाहीत. मी परत आले की ते विचारायचे, "कशी हाये?" मी सांगायची आणि हात धुवायला जायची.