अनुसूयाबाईंचा ताळा

अनुसूयाबाईंनी झाशीत एकोणचाळीस वर्षं पोरांना गुणाकार-भागाकार शिकवला आणि त्यातल्या निदान अर्ध्या पोरांना रडवलं. मी त्या अर्ध्यांतली. फळ्यापाशी त्या हिंदीत म्हणत, चौदह सत्ते अट्ठानबे, पण ओठांत आधी मराठी पाढा पुटपुटून घेत. वर्गात ते पुटपुटणं कळणारी मी एकटी, कारण आमच्याही घरी मराठीच, मोडकंतोडकं का असेना.

त्यांच्या घरात वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. गणित एकाने सोडवायचं, ताळा दुसऱ्याने पाहायचा. भागाकार झाला की दुसरा माणूस उत्तराला भाजकाने गुणणार, त्यात बाकी मिळवणार, मूळचा आकडा आला की 'बरोबर' म्हणणार. मगच ते गणित सुटलं. आपला ताळा आपणच पाहिला तर तो मोजायचा नाही, कारण चुकणारा माणूस तीच चूक पुन्हा करतो, असं वडील म्हणत.

बाईंनी लग्न केलं नाही. धाकटे भाऊ रमाकांत रेल्वेत कारकून होते, त्यांची बायको लवकर गेली, मुलगी रेवा लग्न होऊन पुण्याला गेली. लक्ष्मी गेटजवळच्या दोन खोल्यांत बहीण-भाऊ म्हातारे झाले. रोज दुपारच्या चहाला बाई पाटीवर एक भागाकार करत आणि रमाकांतकाका ताळा पाहत. लोक टीव्ही लावतात, यांची ही करमणूक. दोन वर्षांपूर्वी काका गेले. दूधवाल्याशी हिंदी, भाजीवालीशी बुंदेली, असं बाईंचं चालायचं. घरात मराठी बोलायला कुणी राहिलं नाही आणि ताळा पाहायलाही.

मग ते काम स्वरदाकडे आलं. ही रेवाची मुलगी, चौथीत. रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल लागायचा, बाई पाटी दाखवायच्या, पोर ताळा करून म्हणायची, बरोबर, आत्याआजी. त्या एका शब्दावर बाई आठवडा काढत. थट्टा नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. रविवारी त्या नीट जेवायच्या.

श्रावणात रेवाचा फोन आला. स्वरदाच्या शाळेत भागाकाराची वेगळी पद्धत होती, थोडंथोडं वजा करत जायची. पोरीने आत्याआजीसारखा सरळ भागाकार केला आणि तिचे गुण गेले. रेवाने गोड शब्दांतच सांगितलं की तिचा गोंधळ उडतोय, तू तिच्याशी गणित सोडून दुसरं काहीतरी बोल. आता बाईंना दुसरं काही बोलता येतं कुठे? पुढचे तीन रविवार 'जेवलीस का' आणि 'पाऊस आहे का' यांत दोन-दोन मिनिटांत आटोपले.

चौथ्या आठवड्यात बाई माझ्या दारात. मी आता इथल्याच एका शाळेत शिकवते, ओरछा गेटपाशी राहते. एकाहत्तर वर्षांची बाई तेवढं अंतर उन्हातून चालत आली होती. बसल्या, पाणी प्यायल्या आणि वर्गात उत्तर मागावं तशा म्हणाल्या, "आभा, ती नवी पद्धत मला शिकव."

मी तीनशे पंच्याऐंशी भागिले चौदा मांडलं. चौदा जणांना वाटायचंय असं समजा, म्हटलं. प्रत्येकाला आधी दहा-दहा दिले, एकशे चाळीस गेले. पुन्हा दहा-दहा. मग पाच-पाच, मग दोन-दोन. प्रत्येकाला सत्तावीस मिळाले, बाकी उरली सात. कुठलाही मोठा पाढा यायला नको.

बाईंनी वहीतल्या दहा-दहांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे तू तेव्हा केलं होतंस. मी फुली मारली होती."

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. माझ्या तर होतंच. गणपतीत आई चौदा घरी लाडू पोहोचवायची. तिला भागाकार येत नसे. ती डब्यांत आधी दहा-दहा घालायची, उरलेले बघून पुन्हा घालायची. मी परीक्षेत तसंच लिहिलं. बाईंनी पानभर तांबडी फुली मारून सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं, "यह बाँटना हुआ, भाग नहीं।" पोरं महिनाभर मला लाडू म्हणत.

बाईंनी माझं तांबडं पेन मागून घेतलं, त्या गणिताखाली बरोबरची खूण केली आणि तपासलेल्या वहीवर करत तशी सही केली. बत्तीस वर्षांनी मला गुण मिळाले. राग पुरता गेला असं म्हणणार नाही, पण मला रडू आलं.

त्या आठवडाभर रोज आल्या. खोड जात नव्हती, सरळ सत्तावीसवर उडी मारायच्या, मग जीभ चावून दहा-दहावर परत यायच्या. रविवारी फोन धरायला मलाच बोलावलं. कांजी केलेली साडी, पाटी धुऊन ठेवलेली. स्वरदा दिसली तशी बाईंनी सुरुवात केली, चौदांना आधी दहा-दहा.

पोरीने थोडं ऐकलं. मग म्हणाली, "आत्याआजी, ते संपलं. आता मिस म्हणते सरळच करा. तू करायचीस ना, तसं. मला येतं ते."

बाईंचा चेहरा उजळला. मग तर छानच, म्हणाल्या, मी सरळ करते, तू ताळा पाहा.

"ताळा कशाला? अॅप लगेच सांगतं बरोबर की चूक," स्वरदा म्हणाली. तिला स्केटिंगला जायचं होतं. तिने हात हलवला आणि फोन बंद झाला.

बाई म्हणाल्या, बरं झालं, पोरीला आलं. चहा घेतेस का, असंही विचारलं. मला घरी स्वयंपाक होता. मी निघाले, गल्लीच्या तोंडाशी आल्यावर छत्री राहिल्याचं आठवलं आणि परत फिरले.

दार उघडंच होतं. बाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या, पाटीवर सरळ भागाकार केलेला. स्वतःच म्हणत होत्या, मोठ्याने, मराठीत. चौदा साते अठ्ठ्याण्णव, आठ लिहिले, हातचे नऊ. चौदा दुणे अठ्ठावीस आणि नऊ सदतीस. तीनशे अठ्ठ्याहत्तर. त्यात बाकीचे सात. तीनशे पंच्याऐंशी.

ताळा आला होता. बाई थांबल्या. कुणीतरी काही म्हणेल म्हणून थांबतात तशा.

आत जाऊन एक शब्द म्हणायला मला काय झालं होतं, ते मला अजून सांगता येत नाही. माझ्याकडून तो त्यांना चालला असता का, हेही ठाऊक नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

बाईंनी पाटी पुसली आणि तेच गणित पुन्हा मांडलं.