आहेर बंद, कथरी सुरू

माझ्या लग्नाची पत्रिका नव्हती, पत्रक होतं. गुलाबी कागदावर, एका बाजूनं छापलेलं, वर जाड अक्षरांत मथळा: 'आहेर बंद!' खालचा मजकूर माझा. हुंडा नाही हे तर खरं म्हणजे छापायचीसुद्धा गरज पडू नये, पण आपल्याकडे पडते, म्हणून ते आधी. मग भांडी नाहीत, कपाट नाही, साड्या नाहीत, पाकीट नाही, आणि 'वापरण्याची, अंगावर घालण्याची किंवा पांघरण्याची कोणतीही वस्तू' नाही. 'पांघरण्याची' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. हिवाळ्यातल्या लग्नात आमच्याकडे नवरीला इतकी ब्लँकेटं येतात की तिनं दुकान टाकावं. शेवटची ओळ मला फार आवडली होती: 'जे स्वतः राबून मिळवू, तेच आमचं.'

आमच्या गावात, मुर्रीत, मी ते घरोघर वाटलं, गोंदियाच्या बाजारात वाटलं. होणाऱ्या नवऱ्यानं त्याच्या गावी वाटलं, तिकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाच्या बाजूला. त्याची आई पत्रक वाचून म्हणाली होती, "सगळं बरोबर आहे, पण नवीन सून येईल ती झोपेल कशावर, तेही छापायचं होतं."

मी पत्रकांवरच वाढले. बाबा गोंदियाच्या एका छोट्या छापखान्यात कामाला होते आणि उरलेला वेळ मोर्चे, सभा, धरणं. घरी शाईचा वास असायचा. मी शाळेचा अभ्यास पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर केला. एका बाजूला माझे पाढे, दुसऱ्या बाजूला सिंचनाच्या पाण्याची मागणी. पण अक्षरओळख झाली ती कागदावर नाही, कथरीवर. गोधडीला आमच्याकडे कथरी म्हणतात. आमच्या पोवार लोकांचे पूर्वज माळव्यातून आले, आणि येताना तलवारी घेऊन आले असं पुरुष मंडळी छाती फुगवून सांगतात. माझं म्हणणं, बायका कथऱ्या घेऊन आल्या असतील, नाहीतर तलवारवाले थंडीनं वाटेतच परत फिरले असते.

तर, सभा संपली की बाबा कापडी बॅनर घडी करून घरी आणायचे आणि आई ते कथरीच्या आतल्या थरात घालायची. ऑइलपेंटची अक्षरं धुऊन जात नाहीत. वरची साडी विरली की आतून ती हळूहळू बाहेर यायची. माझ्या उशाकडे आधी 'धा' दिसला, मग पुढच्या वर्षी 'धाना' झालं, आणि पूर्ण 'धानाला भाव द्या' वाचता आलं तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. आता सगळं फ्लेक्सवर छापतात. फ्लेक्स अंगावर घेऊन बघा, मग कळेल चळवळीतली ऊब कुठे गेली ते.

लग्न जवळ आलं होतं. धान घरात येऊन पडलं होतं, अंगणात उन्हाचा चांगला मोठा तुकडा होता. मी बाहेरून आले तर तिथे आईची लाल काठाची जुनी साडी पसरलेली, चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि कडेनं तीन बायका. आई, शेजारची मोठीमाय आणि समोरच्या घरातली काकी. मोठीमाय नात्यानं बाबांच्या चुलतभावाची बायको, गल्लीतल्या सगळ्यांचीच मोठीमाय. काकी डोंगरगडकडची, लग्न होऊन आली त्याला बरीच वर्षं झाली तरी तिची बोली अर्धी छत्तीसगढी, अर्धी हिंदी, आणि भांडताना अस्सल झाडीबोली.

"कोणाची शिवून राहिल्या?" मी विचारलं.

"थंडीची," मोठीमाय म्हणाली.

आई दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत होती. तिनं वर पाहिलं नाही, त्यावरून मला कळलं.

"आई, ही माझ्यासाठी असेल तर मी घेणार नाही. पत्रकात छापलंय. पांघरण्याची कोणतीही वस्तू."

"मंग पांघरू नोको," मोठीमाय म्हणाली. "अंथर."

काकी तोंडाला पदर लावून हसली. मी हसले नाही. मी समजावून सांगितलं की प्रश्न एका कथरीचा नाही. आज आपल्या घरून कथरी गेली की उद्या शेजारचा म्हणेल, कथरी चालते तर गादी का नाही, गादी चालते तर पलंग का नाही, आणि शेवटी कोणा तरी बापाच्या डोक्यावर फ्रिज येतो. माझं बोलणं बरोबर होतं. ते मी आजही म्हणते.

आईनं वाद घातला नाही. पत्रकवाल्याची बायको ती. छापलेल्या शब्दाची किंमत तिला माझ्याहून जास्त ठाऊक. "छापलं ना? मंग नाही," एवढंच बोलली. तिनं सुई त्या साडीतच खोचून ठेवली, दगड उचलले आणि अर्धवट कथरी घडी करून बाजेवर टाकली.

ती तिथेच राहिली. आई रोज त्या बाजेजवळून जायची, वडे तळायची, माझ्याशी नीट बोलायची, पण दुपारी उन्हात बसणं तिनं सोडलं. त्या तिघींची बैठकच मोडली.

एका सकाळी मी दूध घेऊन येत होते तर मोठीमायनं मला तिच्या दारातच अडवलं.

"तुह्या मायले काऊन लागलं, ठाऊक हाये का तुले?"

"मला नियम मोडता येत नाही, मोठीमाय."

"नियम राहू दे. ऐक. तुही माय या गल्लीत आली तं तिच्याजवळ एक मिलचं ब्लँकेट होतं. वाघाच्या चित्राचं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेलं, घडीसुद्धा मोडली नव्हती. तिची माय तिच्या लहानपणीच गेली, घरात दुसरी बाई नाही. कोण शिवन कथरी? आन ज्या पोरीसंगं कथरी नाही, तिच्या मागं बाई नाही, असं लोक धरतात. तुह्या आजीनं पह्यल्याच दिवशी बोलून दाखवलं. वाघ आला, पन माय नाही आली."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. वाघाचं ब्लँकेट मी पाहिलं होतं. ते आमच्या घरी तांदळाच्या कोठीवर झाकायला होतं.

"मंग?"

"मंग काय? त्या थंडीत आम्ही बायांनी तिले शिवून देली. तवापासून ते आमची झाली. आता तिची पोरगी जाऊन राहिली, आन रिकाम्या हातानं. तुले वाटते, तू आहेर नाकारून राहिली. तिले वाटते, लोक म्हनतीन, इच्याही मागं बाई नाही."

मी दुधाचं भांडं घेऊन घरी आले. अडचण खरी होती. आईसाठी म्हणून नियम वाकवला, तर उद्या प्रत्येकाच्या घरी एक आई आहेच. आणि नियम धरून बसले, तर ज्या बायकांसाठी मी पत्रकं काढते त्यातलीच एक, माझी स्वतःची, गल्लीत मान खाली घालून फिरणार. होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पत्रक दोघांनी काढलं, निर्णय तू घे." पुरुषांना समता बरोबर अडचणीच्या वेळी आठवते.

दोन्हीतून वाट काढली ती काकीनं. दुपारी ती आमच्या अंगणात आली, हातात मुरमुऱ्यांचा डबा, आणि डब्याच्या तळाशी माझंच गुलाबी पत्रक अंथरलेलं. तिनं ते झटकलं, डोळ्यांजवळ धरलं आणि आपल्या चालीवर शेवटची ओळ वाचली.

"जे स्वतः राबून मिळवू, तेच आमचं. ये तुम्हीच लिखे हो ना, नोनी?" नोनी म्हणजे तिच्या बोलीत पोरगी.

"हो."

"तो राबो ना! बइठ!"

आणि तिनं बाजेवरची कथरी ओढून अंगणात पसरली. मोठीमाय कुंपणापलीकडून दगड घेऊनच आली. म्हणजे आधीच ठरलं होतं. आई दारात उभी राहून बघत होती.

मी विचार केला. ओळीत खोट नव्हती. काम केलं तर ती वस्तू आहेर राहत नाही, कमाई होते. मी आईला म्हटलं, "चौथी बाजू मला दे. पण पूर्ण बाजू. नावापुरते दोन टाके नाही."

आई आत गेली, आणि सगळ्यात जाड सुई घेऊन आली.

कथरी बाहेरून आत शिवत जातात. प्रत्येक बाई आपल्या कडेला बसते, एक ओळ संपली की थोडी आत सरकते, आणि अशा सगळ्याजणी हळूहळू मध्याकडे, एकमेकींच्या गुडघ्यांकडे येतात. त्यांचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. माझे म्हणजे मुंग्या दारू पिऊन निघालेल्या.

"एवढा लांब टाका कायले घातला वो?" आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "पायाचा अंगठा अडकन त्यात."

"जावयाचा अडकू दे," मोठीमाय म्हणाली. "पळून नाही जानार."

मग आई हसली, आणि दुपारच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या. आत काय काय आहे ते मला तिथे कळलं. मोठीमायच्या नवऱ्याचं धोतर, जे तो गेल्यावर तिनं कोणाला देऊ दिलं नव्हतं. काकीची एक हिरवी साडी, जी तिच्या सासूनं रागानं फेकली होती आणि तिनं तितक्याच रागानं जपली होती. आणि बाबांच्या सभेचं शेवटचं कापडी बॅनर. मजकूर कोणता, ते आईनं सांगितलं नाही. "विरली की वाचशील," म्हणाली.

मी शिवता शिवता बोलत होते. बाईच्या कामाला काम म्हणत नाहीत, ती शिवते तेव्हा लोक म्हणतात बसली आहे; चार बायका अख्खा हिवाळा राबतात आणि घरातली माणसं विचारतात, दिवसभर काय केलं. हे सगळं मी त्या दुपारी फार जोरात मांडलं.

"बरोबर हाये," मोठीमाय म्हणाली. "बोल. पन हात चालव."

"हात चालूच आहे!" मी म्हणाले, आणि पुढचा मुद्दा उभं राहूनच सांगण्यासारखा होता म्हणून उठले.

माझ्याबरोबर कथरी उठली. तिच्याबरोबर दगड गडगडले, दोऱ्याचा डबा उलटला, काकीचा चहा मोठीमायच्या मांडीवर गेला. बोलण्याच्या नादात मी अख्खी ओळ माझ्या ओढणीसकट शिवून काढली होती. ओढणी मांडीवर होती, कथरी मांडीवर होती, सुईनं भेद केला नाही.

त्या तिघी अशा हसल्या की बाबा आतून धावत आले, त्यांना वाटलं कोणी पडलं. मोठीमायनं चहा झटकत सांगितलं, "आमी देऊन नाही राहिलो गा, भाऊ! कथरीच पोरीच्या मांगं लागली!"

ओढणी पिवळी होती, हातमागाची. रजिस्ट्रारच्या कचेरीत सही करताना तीच घ्यायचं मी ठरवलं होतं. "उसवा," मी म्हटलं.

"कथरीचा टाका उसवत नाहीत," आई म्हणाली. "फाटलं तर वरून ठिगळ लावतात. जोडलेलं उसवत नाहीत."

"मग मी काय अशीच जाऊ?"

आईनं कात्री आणली. माझ्याकडे पाहिलं. "पत्रकात ओढणीचं काय लिहिलं हाये?"

काहीच लिहिलं नव्हतं.

तिनं कात्री चालवली. माझी ओढणी माझ्या हातात आली, एक कोपरा कमी होऊन. तो पिवळा कोपरा कथरीवर राहिला. आईनं त्याच्या कडा आत दुमडून मुंग्यांची रांग घातली. मग शिवायच्या राहिलेल्या एका टोकात धानाचे चार दाणे ठेवले, कथरी उपाशी राहू नये म्हणून. बाबा म्हणाले, "उंदरांची सोय झाली." आईनं त्यांच्याकडे लक्ष न देता सुई माझ्या हातात दिली आणि ते टोक माझ्याकडून बंद करून घेतलं.

सही करून आम्ही अंगणात सगळ्यांना चहा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे दिले. निघताना आईनं कथरी गुंडाळून माझ्या खांद्यावर ठेवली. गल्ली बघत होती. टोकाच्या घरातले एक गृहस्थ, ज्यांनी माझं पत्रक वाचून नाक मुरडलं होतं, ते मोठ्यानं म्हणाले, "काऊन वो वहिनी, आहेर बंद होता ना?"

मी उत्तर द्यायला वळले, पण आई माझ्या आधी पुढे झाली. तिनं कथरीची माझी बाजू उलगडून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

"आहेर नाही, भाऊजी. पोरीनं सोता शिवली. टाके पाहा ना."

त्यांनी पाहिले. खात्री पटायला एक ओळ पुरे होती. "हाव," ते म्हणाले, "हे दुकानातलं तं नाही." गल्ली हसली, आणि आई सगळ्यात मोठ्यानं.

कथरी आता इकडे, माझ्या सासरी आहे. नवऱ्याच्या पायाचा अंगठा माझ्या टाक्यांत अडकतो, आठवड्यातून एकदा तरी. तो म्हणतो, एवढा एक टाका कापू का? मी अंगठा सोडवून देते. टाक्याला हात लावू देत नाही.