चालईतला कोबा

तिरुवनंतपुरममध्ये माझी तीस वर्षं गेली. वडूजजवळच्या गावातून दहावी नापास होऊन गेलो तो थेट गलाईच्या धंद्यात. सोनारांकडचं जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं हे आमचं काम. सोनाराच्या दुकानातला केरही आम्ही विकत घेतो, कारण त्यात सोन्याचे कण असतात. एखादं जुनं दुकान पाडणार असं कळलं, की आमची माणसं त्याच्या सिमेंटच्या कोब्याचा सौदा करायला धावतात. असे कितीतरी कोबे मी फोडून नेले. एकाही सौद्यात फसलो नाही.

त्या शहराला मात्र सौदा कळत नाही. तिथल्या राजानं कधीकाळी सगळं राज्य पद्मनाभाला वाहिलं आणि पुढचे राजे देवाचे दास म्हणून कारभार करत राहिले. त्यामुळे की काय, मालकासारखं तिथं कुणी बोलतच नाही. वर्षातून दोनदा देव समुद्रावर स्नानाला निघतो. मिरवणूक विमानतळाच्या धावपट्टीवरून जाते आणि तेवढा वेळ विमानं थांबतात. बाकी शहर कचेऱ्यांचं. काहीही विचारा, उत्तर एकच, "नोक्काम." म्हणजे बघू.

किल्ल्याबाहेरच्या चालई बाजारात माझं भाड्याचं दुकान होतं. मालक सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. गेल्या वर्षी तो म्हणाला, "इमारत पाडतोय. नव्या इमारतीत मागची खोली तुम्हाला देईन. भाडं हेच."

हेच भाडं? फुकट कोण कुणाला काय देतं? याचा डोळा माझ्या कोब्यावर आहे, मी ताडलं. तीस वर्षं त्यावर सोनं आटवलं होतं.

"खोलीचं नंतर. आधी सांगा, कोबा माझा."

"नोक्काम."

मग मी भडकलो. त्यांच्या भाषेत सुरुवात केली आणि रागाच्या भरात आमच्या भाषेवर आलो. "लय शहाणा समजतोस व्हय रं!" सगळा बाजार बघत होता. त्यानं शांतपणे चष्मा पुसला.

"माझा भाचाही खोली मागतोय. तुम्हाला कोबाच हवा असेल तर तो न्या. खोली त्याला देतो."

"कोबा!" मी म्हणालो.

फोडला, कुटला, धुतला, आटवला. निघालं ते मोहरीएवढं.

बायको म्हणाली, "आवं, रोज सांजचं झाडत कोन हुतं? फटी सुदिक ब्रशानं कोरायचा तुमी. पाय धुतल्यालं पानीबी कवा सांडलं न्हाई. त्यात ऱ्हानार काय?"

किल्ली द्यायला गेलो तेव्हा मालकाला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज तुम्हाला झाडताना बघत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही ओरडत होता."

परवडेल अशी दुसरी जागा चालईत मिळाली नाही. आता मी गावी असतो. मागच्या खोलीत त्याच्या भाच्याचं झेरॉक्सचं दुकान चालतं म्हणे. चूक माझी, असं बायको म्हणते. मला ते मान्य नाही. मी ओरडत होतो हे खरं, पण थांबल्यावर तरी त्यानं सांगायचं होतं.