सातव्या वळणावर अडलेली सायकल

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. बावीस वर्षं पंप आणि मोटारी उघडतोय. मशीन अडलं की त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यापलीकडे माझी कशावर श्रद्धा नाही. त्यामुळे हे लिहिताना भीती वगैरे नाही वाटत... चीड येते, चीड!

दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली म्हणून सायकल घेतली. आधी पेण ते वडखळ, मग कासूपर्यंत. हळूहळू डोक्यात एक राइड बसली — पेणहून रोहा, आणि रोह्याच्या पुढे डोंगरावरच्या देवीला. (देवीचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच बभ्रा नको.) वर देवळापर्यंत काँक्रीटचा रस्ता आहे. साडेचार किलोमीटर चढ, नऊ वळणं. मी महिनाभर प्लॅन केला. चहा कुठे, केळी कुठे, कुठल्या वळणाला कुठला गियर, सगळं वहीत. आमची संगीता म्हणाली, "आपल्या लग्नाची यादीपण एवढी नव्हती ओ!"

जानेवारीतल्या एका रविवारी निघालो. रोह्यात मिलिंद सामील झाला. तो माझ्याच कंपनीत आहे. संगीता पाणी घेऊन स्कूटरवर मागे. चौथं वळण सगळ्यात खडं, तेही मी न उतरता काढलं. सातव्याला तर चढ कमी होतो. आणि तिथे पेडल थांबलं.

म्हणजे पाय दमले असं नाही. पेडल दगड झालं! उभा राहून सगळं वजन टाकलं, तरी तसूभर हललं नाही.

"अरे नितीन, गियर हलका कर ना!" मिलिंद पुढून ओरडला.

"सगळ्यात हलक्यावरच आहे!"

उतरलो. मागचं चाक उचलून फिरवलं — भिंगरीसारखं फिरलं. बसलो — जाम. पाच वेळा केलं. शेवटी परत फिरलो. उतारावर सायकल सुसाट.

पेणच्या मेकॅनिकने बेअरिंगपर्यंत सगळं उघडलं. "साहेब, सायकलीला काय झालेलं नाय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

पुढच्या रविवारी पुन्हा. तेच वळण, तीच जागा. आता मी मिलिंदची सायकल घेतली, माझी त्याला दिली. तो माझ्या सायकलवर आरामात वर गेला, देवीला नमस्कार करून आला. मी त्याच्या सायकलवर तिथेच! त्याने मागून ढकललं, तर मागचं चाक न फिरता काँक्रीटवर घासत गेलं. टायरचा काळा पट्टा उमटला. फोटो आहे माझ्याकडे.

एक शेतकरी बांधावर बसून आमची गंमत बघत होता. मी त्यालाच विचारलं, "दादा, या जागेचं काय आहे का? कोणाचं काही झालेलं?"

"नाय ओ. आमची पोरं रोज शाळंला जातात हितनं सायकलीवर."

म्हणजे धड एखादी दंतकथासुद्धा नाही! असती तर निदान तिच्यावर तरी चिडलो असतो.

डॉक्टरांना पाय दाखवले, हृदयाची तपासणी केली. सगळं नॉर्मल. कंपनीत मिलिंदने बोभाटा केला. "आमच्या नितीन पाटलांना देवी एन्ट्री देत नाय." मी हसायचो, पण घरी जेवताना ताटाशेजारी ती वही उघडून बसायचो.

तिसऱ्या खेपेला पुन्हा पेडल दगड झालं, तेव्हा मी सायकल तिथेच आडवी टाकली आणि रस्त्यावर बसकण मारली. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस... डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

संगीता स्कूटर लावून आली. "बघू, मी बसून बघते."

तिचं माहेर खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. लहानपणी बांधावरून सायकल चालवायची, पण त्यालाही पंचवीस वर्षं झाली असतील. शिवाय गुडघे दुखतात तिचे. मी म्हटलं, "पडशील गो, नको."

तिने ओढणी कमरेला बांधली आणि बसली. थोडी डगमगली... आणि निघाली. आठव्या वळणाआड दिसेनाशी झाली. मी बघतच राहिलो. रागाने की लाजेने, माहीत नाही, पण बराच वेळ जागचा हललो नाही. मग चालत निघालो.

वर पोचलो तर ती देवळाच्या पायरीवर बसलेली. साधी धापसुद्धा लागली नव्हती. मला बघून हसली.

"एवढं वरपर्यंत ढकलत आणलंत, मग शेवटी हात का काढलात ओ? पडले असते ना मी!"

मला वाटलं, चेष्टा करते. पण ती खरंच विचारत होती. पाठीच्या मधोमध हात होता म्हणाली, पूर्ण चढ. मागे वळून बघितलं नाही, कारण मीच आहे याची खात्री होती.

"मी खाली होतो, संगीता. सातव्या वळणावर."

तिचं हसू गेलं.

त्यानंतर मी आणखी दोनदा जाऊन आलो. चालत गेलो की काही अडत नाही. सायकलवर बसलो की तिथेच अडतं. का अडतं, ते मला आजही सापडलेलं नाही. पण खरं सांगू? ते आता मला एवढं छळत नाही, छळतं ते दुसरंच. ती बाई माझ्या हाताचा स्पर्श चोवीस वर्षं ओळखते... आणि तिला तो हात माझाच वाटला.